बी. पाटील यांची प्रकृती

आधी कबूल करा की हसणार नाही, मगच सांगतो. आणि चहाचा घोट घेतला असेल तर गिळून टाका, नाहीतर नाकातून येईल. चुका मी आयुष्यभर केल्या, त्यात नवल नाही. पण संगणकाला हाताशी धरून केलेली चूक एकच, आणि ती बाकी सगळ्यांना पुरून उरली.

मी संख्याशास्त्राचा प्राध्यापक. म्हणजे होतो. पीएच.डी. मात्र अजून आहे. निवृत्तीनंतर ती परत घेत नाहीत. नावामागे डॉक्टर लागल्यामुळे आमच्या इमारतीतले लोक सुरुवातीला मला खोकल्यावर औषध विचारायचे. मी नम्रपणे नाही म्हणायचो, दार लावायचो आणि आपल्यालाही खोकला येतोय का ते खोकून बघायचो. असा माझा स्वभाव. मला माझ्या कशाचीच खात्री नसते. फक्त गणिताची असते. तिथेच घोळ झाला.

तेव्हा दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती आणि वसईत ज्याला त्याला संगणक घ्यायचा झटका आला होता. उमेळ्याच्या दवाखान्याने घेतला. गासच्या डॉक्टरीणबाईंनी घेतला. विरारच्या रक्त तपासणाऱ्या लॅबने घेतला. आणि आमच्या वसई रोडच्या धर्मादाय हॉस्पिटलने तर दोन घेतले, एक वापरायला आणि एक कव्हर घालून ठेवायला! प्रत्येकाने वेगळ्या विक्रेत्याकडून घेतला, त्यामुळे एकाचं दुसऱ्याला काही कळेना. विरारचा संगणक आधी आडनाव मागायचा, गासचा आधी वय मागायचा, आणि उमेळ्याचा आधी ताप लिहून घ्यायचा, मग तो कुणाला आलाय ते विचारायचा. माणसांमधला अबोला कमी पडला म्हणून की काय, आता यंत्रंही तोंड फिरवून बसली.

हॉस्पिटलचे प्रमुख डॉ. कुलकर्णी. डोळ्यांचे डॉक्टर; माणसाच्या मानेखाली काय चालतं याच्याशी त्यांचा फारसा संबंध नव्हता. ते एके दिवशी घरी आले.

"सर, आपल्याला एक मानक हवंय. स्टँडर्ड. कुठली माहिती कुठल्या रकान्यात, कुठल्या क्रमाने लिहायची, ते एकदा ठरवून द्या. म्हणजे इकडची नोंद तिकडे गेली तरी वाचता येईल. पेशंटने पिशवीत रिपोर्ट घेऊन फिरायला नको."

"पण मी वैद्यकातला नाही."

"म्हणूनच तुम्ही हवेत! डॉक्टर चौघं बसले की पाच मतं होतात."

झालं. समिती नेमली. मी अध्यक्ष.

समिती म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहेच. दोन बैठका बिस्किटं कुठली आणायची यात गेल्या. परदेशातलं असंच एक मानक कुणीतरी छापून आणलं होतं. तो गठ्ठा इतका जाड होता की खुर्चीवर ठेवून त्यावर बसलो असतो, तर मी खरोखर अध्यक्षासारखा दिसलो असतो. एका रुग्णाची ओळख पटवायला त्यात ढीगभर गोष्टी मागितल्या होत्या. मी तो चाळला आणि बाजूला सारला. म्हटलं, या लोकांना संख्याशास्त्र येत नाही, म्हणून कागद वाया घालवतात.

मग मी फळ्यापाशी गेलो. निवृत्त प्राध्यापकाला फळा दिसला की त्याचं काय होतं, ते सांगायला नको.

"ओळखीला तीनच गोष्टी पुरे," मी म्हणालो. "आडनाव, नावाचं पहिलं इंग्रजी अक्षर आणि जन्मतारीख. तिन्ही जुळल्या की माणूस एकच. मग त्याच्या विरारच्या, गासच्या, उमेळ्याच्या सगळ्या नोंदी आपोआप एकत्र होतील."

आणि पुढचा तासभर मी फळ्यावर सिद्ध केलं, की एकाच आडनावाची, एकाच अक्षराची, एकाच दिवशी जन्मलेली दोन माणसं आपल्या भागात सापडण्याची शक्यता जवळजवळ शून्य आहे. सुरुवातीलाच एक वाक्य लिहिलं होतं: 'जन्म वर्षभर सारखेच विखुरलेले असतात, असे मानू.' हे 'मानू' लक्षात ठेवा. माझं वाटोळं त्या 'मानू'ने केलं. स्त्री की पुरुष हा रकाना मी ठेवला होता, पण जुळवणीत धरला नाही. कशाला धरायचा? तीन गोष्टी पुरेशा आहेत, फळ्यावर सिद्ध झालंय!

गासच्या डॉक्टर फिलोमिना तेवढ्या मान हलवत बसल्या होत्या.

"सर, आमच्याकडे हे नाही चालायचं," त्या म्हणाल्या. "गावात आडनावं मोजून चार. मी कार्डावर लिहिते, विहिरीजवळचा, बेकरीवाला, दुबईवाल्याचा बाप. तो एक रकाना ठेवा ना, लोक ज्या नावाने ओळखतात त्याचा."

"मॅडम," मी हसून म्हणालो, "हे आरोग्याचं मानक आहे. चावडीवरच्या गप्पा नाहीत."

सगळी समिती हसली. मीही हसलो. आज ते हसू आठवलं की माझी कानशिलं तापतात.

मानक लागू झालं. देवाणघेवाण सुरू झाली. देवाणघेवाण म्हणजे काय, तर हॉस्पिटलचा शिपाई स्कूटरवरून गावोगाव फिरून फ्लॉप्या गोळा करायचा! पण वर्तमानपत्राच्या स्थानिक पानावर 'वसईत आरोग्यक्रांती' असं छापून आलं आणि मी ते कात्रण कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. बाहेरून चिकटवायचा धीर झाला नाही.

याच सुमारास मला हर्निया झाला.

उजव्या बाजूला लिंबाएवढा फुगवटा. शिंकताना हाताने दाबून धरायचा, नाहीतर जीव जायचा. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जिना चढताना मी एक हात कठड्यावर आणि एक हात पोटावर ठेवायचो. शेजाऱ्यांना वाटायचं, म्हातारा कुणाची तरी शपथ घेतोय. ऑपरेशनशिवाय गत्यंतर नव्हतं. सर्जन मुंबईहून फक्त बुधवारी यायचे आणि थोड्याच दिवसांत तेही यायचे थांबणार होते. म्हणजे आता नाही, तर मुंबईच्या एखाद्या अवाढव्य हॉस्पिटलात जायचं. नुसत्या विचाराने माझ्या छातीत धडधडायचं.

ऑपरेशनआधीच्या तपासणीसाठी डॉ. कुलकर्णींकडे गेलो, सोबत माझी बायको मालती. कुलकर्णींनी माझं नाव आणि जन्मतारीख टाकली, पडदा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"सर, तुम्ही कधी बोलला नाहीत!"

"काय?"

"मधुमेह आहे तुम्हाला. जुना."

मालतीने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

"आणि अपेंडिक्स काढलेलं आहे."

"कुणाचं?"

"तुमचं."

आता मला सांगा, शहाण्या माणसाने काय केलं असतं? 'छे, काहीतरी चुकलंय' असं म्हणून मोकळा झाला असता. पण मानक माझं! सूत्र माझं! फळ्यावर सिद्ध केलेलं! चूक असलीच तर ती माझ्या शरीराची असणार, सूत्राची कशी असेल?

"घरी जाऊन बघतो," मी म्हणालो.

साखर आटोक्यात येईपर्यंत भूल द्यायला तिथले डॉक्टर तयार होईनात. ऑपरेशन पुढे गेलं. मी घरी आल्याबरोबर सदरा वर करून आरशासमोर उभा राहिलो.

"अहो, काय चाललंय?" मालतीने विचारलं.

"माझं अपेंडिक्स कधी काढलं होतं गं?"

"मला विचारताय? लग्न झाल्यापासून तर काही काढलेलं नाही."

"मग लग्नाआधी असेल."

"तर मग तुम्हाला माहीत नको?"

"मी बेशुद्ध असणार ना तेव्हा! हा बघ, हा बघ व्रण!"

मालती जवळ आली, चष्मा लावून वाकून बघितलं. "तो नाडीचा वळ आहे. लेंगा सैल बांधत चला."

तरी मी कारल्याचा रस सुरू केला. रोज सकाळी ग्लासभर. आंबेमोहोराचा भात बंद, सुकेळी बंद. वसईत राहून सुकेळी बंद! ती वाळवलेली, मधासारखी केळी समोर बरणीत आणि मी मेथीचे दाणे चघळतोय. रक्त पुन्हा दिलं. हॉस्पिटलच्या पडद्यावर साखर उतरलेली नाहीच, उलट वर गेलेली! मी रस दुप्पट केला.

पुढच्या खेपेला कुलकर्णींनी नवीन काढलं. "सर, मशेरीचं व्यसन आहे तुम्हाला. तंबाखू भाजून दाताला लावता."

मालती खुर्चीतून अर्धी उठली. "काय लावतात?"

"मी नाही लावत गं!"

"मग त्या यंत्राला कुणी सांगितलं?"

घरी आल्यावर तिने माझे रुमाल हुंगले, पुस्तकांच्या मागे हात घालून बघितलं. आणि मी? मी आरशात दात बघत होतो. खरं सांगतो, खालचे दोन मला काळपट वाटले.

फुगवट्याचं तोवर लिंबाचं मोसंबं झालं होतं. मी शिंक येईल या भीतीने मिरची फोडणीला टाकली की गॅलरीत जाऊन उभा राहायचो. सर्जनचे बुधवार संपत आले होते.

तिसऱ्या खेपेला कुलकर्णींनी आधी उठून दार लावून घेतलं.

"सर," मग ते हळूच म्हणाले, "इथे तीन बाळंतपणं दिसतायत. तिन्ही घरीच, सुखरूप."

मी लगेच 'नाही' म्हणालो नाही. हसा, हसा. गेल्या काही आठवड्यांत माझ्या शरीराविषयी मला इतक्या नव्या गोष्टी कळल्या होत्या, की आणखी एका गोष्टीने आश्चर्य वाटायची ताकदच उरली नव्हती.

मालती मात्र ताडकन म्हणाली, "आमच्या घरातली दोन मुलं मला झालीत, डॉक्टर. तिसरं यांनी कुठे ठेवलंय?"

तेव्हा कुठे कुलकर्णींच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी नीट बघितलं, तर त्या एका नोंदीला चार पत्ते चिकटले होते. त्यांनी चारही पत्त्यांवर बोलावणी धाडली.

बुधवारी सकाळी हॉस्पिटलच्या बाकांवर ही गर्दी. सिस्टर बाहेर आल्या आणि खणखणीत आवाजात ओरडल्या, "बी. पाटील! जन्मतारीख एक जून, चौतीस!"

मी उठलो. माझ्या शेजारी काठी टेकत एक म्हातारा उठला. समोरच्या बाकावरून एक धोतरवाला उठला. आणि कोपऱ्यातून डोक्यावरचा पदर सारखा करत एक म्हातारी उठली.

आम्ही चौघं एकमेकांकडे बघतच राहिलो.

"अरे, भाल्या ना तू?" काठीवाला म्हणाला.

"भिकाजी?"

"आन् हा बळीराम! आन् ही बग, भीमी! राऊतांची भीमी!"

"राऊतांची कवाच नाय," भीमाबाई फणकारली. "पाटलांची झाली, जमाना झाला."

उमेळ्याच्या शाळेतला आमचा अख्खा बाक! भालचंद्र, भिकाजी, बळीराम आणि भीमा, इंग्रजीत सगळे बी. आणि सगळे पाटील. मी शिकून बाहेर पडलो, प्राध्यापक झालो, फ्लॅटमध्ये राहायला आलो आणि गावाकडे फक्त दवाखान्यापुरता जात राहिलो. इतक्या वर्षांत या तिघांना भेटलो नव्हतो. आणि आता भेटलो, तर एकाच फ्लॉपीत!

"पण सगळ्यांची तारीख एकच कशी?" डॉ. कुलकर्णी बाहेर येऊन विचारू लागले. त्यांच्यामागून फिलोमिनाबाईही आल्या. त्यांना खास बोलावून घेतलं होतं.

"कशी म्हंजे?" भिकाजी म्हणाला. "आमच्या आयांना कुटे तारखा ठाव होत्या? कोन म्हने भाताच्या लावनीत झाला, कोन म्हने शिमग्याला. शाळा जूनात उघडायची. गुरुजींनी वय बसवलं आन् सगळ्यांना एक जून लावून टाकला. सगळी पोरं एका दिवशी जल्मली!"

"हे सरांना माहीत नव्हतं?" कुलकर्णींनी माझ्याकडे वळून विचारलं.

माहीत नव्हतं? अहो, माझी स्वतःची तारीख तशीच पडलेली! माझी आई मरेपर्यंत सांगायची की मी नवरात्रात झालो. आमच्या पिढीतला निम्मा महाराष्ट्र एक जूनला जन्मलाय, हे मला पक्कं ठाऊक होतं. कॉलेजात आम्ही निम्मे प्राध्यापक एकाच दिवशी निवृत्त झालो, एकाच केकवर! आणि तरी फळ्यापाशी उभा राहून मी लिहिलं, 'जन्म वर्षभर सारखेच विखुरलेले असतात, असे मानू.'

पण खरी शोभा पुढेच झाली. मी आपला समजत होतो की या तिघांचे रोग माझ्या गळ्यात पडले. मी थोडा घुश्शातच होतो. इतकं कारलं प्यायलो होतो, अधिकार होता माझा!

मधुमेह बळीरामचा निघाला (पडद्यावर शेवटचा आकडा दिसायचा आणि माझ्यामागून रक्त द्यायला तोच जायचा), अपेंडिक्स भिकाजीचं, मशेरी आणि बाळंतपणं भीमाबाईची. हे सगळं वजा केलं, तरी पडद्यावरची यादी संपेना. कुलकर्णी खाली-खाली जात राहिले.

"पहाटे छातीत पाखरू फडफडल्यासारखं होतं... हे कुणाचं?"

"माजं नाय!" भिकाजी उसळला. "पन मला तेच सांगितलंय दवाखान्यात! तुज्या छातीत पाखरू हाय, दगदग करू नको. तवापास्नं पोरानं मला केळीच्या बागेत पाय टाकू दिला नाय. रोज पहाटे उठतो आन् छातीला हात लावून पाखराची वाट बघतो!"

"डाव्या पायाच्या करंगळीला मुंग्या. मेंदूचा विकार असावा अशी शंका."

"त्या शंकेपायी मला लेकानं सायकल विकायला लावली," बळीराम म्हणाला. बिचारा हळू बोलणारा माणूस; म्हणून तर जास्त लागलं.

"आणि प्रोस्टेटची गाठ वाढल्याची भीती..."

"ती मला सांगितली!" भीमाबाई कडाडली. "सुनेसमोर! ती पुरुषांची गाठ ना मेली? कोनाची हाय ती, पुडं या!"

कुणी पुढे आलं नाही. मालतीने माझ्या पाठीत बोट खुपसलं.

"माझी," मी म्हणालो. "म्हणजे गाठ नाहीये. भीती आहे. भीती माझी."

आता सांगायलाच हवं. मी दर आठवड्याला उमेळ्याच्या दवाखान्यात जायचो आणि मनात येईल ते नोंदवून यायचो. माझ्या मानकात तक्रारीच्या रकान्याला लांबीची मर्यादाच ठेवली नव्हती. पानंच्या पानं भरली होती. पाखरू माझं, मुंग्या माझ्या, घशातला काटा माझा, डोक्यात पाणी हलल्याचा भास माझा. प्रत्येकापुढे डॉक्टरांनी लिहिलेलं, 'तपासले, काही आढळले नाही.' ते शेवटचे तीन शब्द कुणी वाचले नव्हते. तीन हिंडतीफिरती म्हातारी माणसं माझ्या भीतीपायी हैराण झाली होती. मला त्यांच्याकडून रोग मिळाले होते, ते निदान खरे तरी होते! मी त्यांना काय दिलं? सगळा बनावट माल.

फिलोमिनाबाईंनी खुर्ची ओढली आणि संगणकासमोर बसल्या. "सर, तो रकाना घालू आता? लोक ओळखतात तो?"

मी मान डोलावली. अध्यक्षाने एवढंच करायचं असतं.

"बळीराम पाटील?"

"भजनातला," भिकाजीने सांगितलं. "पेटी वाजवतो."

"भीमाबाई?"

"तळ्याकाठची."

"तुम्ही?"

"मी केळीवाला. कोनालाबी विचारा."

"आणि सर?"

मी घसा खाकरला. म्हटलं, 'प्राध्यापक' सुचवावं की 'मानकवाले'? पण भिकाजीने क्षणाचाही विचार केला नाही.

"लिवा, ज्याला काय झालेलं नसतं तो."

बाईंनी ते शुद्ध करून टाइप केलं. चेहऱ्यावर हसू नाही, काही नाही. एंटर दाबलं, बस्स.

साखर माझी नव्हतीच, त्यामुळे भुलीची अडचण सुटली आणि सर्जनच्या शेवटच्या बुधवारी माझा नंबर लागला. मला हिरवा झगा घालून टेबलावर आडवं केलं. वर दिवा, खाली गारठा. मोसंबं जागेवर होतंच. सर्जन तरुण, चटपटीत, हात धुऊन आला आणि सिस्टरना म्हणाला, "कोण आहेत?"

सिस्टरनी कागद वाचला. "बी. पाटील. काही न झालेले."

तो थबकला. "काही न झालेले? मग टेबलवर कुणी घेतलं यांना?"

"डॉक्टर, कॉम्प्युटरमध्ये तसंच आलंय."

त्याने माझ्यावर वाकून विचारलं, "काका, तुम्हाला नक्की काही झालंय का?"

दुसरा कुणी असता तर झगा वर करून दाखवला असता, हा बघा, एवढा थोरला! पण माझं शिक्षण जास्त. मी विचार केला. नोंद अधिकृत आहे, फिलोमिनाबाईंनी स्वतः केलेली आहे, आणि मानक आता दुरुस्त झालेलं आहे.

"तसं खात्रीने नाही सांगता येणार," मी म्हणालो, आणि टेबलावरून पाय खाली सोडून चपला शोधू लागलो.